आजीचा फोटो खिडकीच्या उजेडात काढायचाय, जुना वाडा आहे, कसं करू?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, घरचेच सगळे जमणार आहेत, आणि त्या दिवशी हॉलमध्ये लावायला तिचा एक मोठा फोटो हवा असं सगळ्यांचं ठरलंय. काम माझ्याकडे आलंय कारण घरात कॅमेरा माझ्याकडेच आहे, कॅननचा १५००डी आणि ५० एमएमची १.८ वाली लेन्स. स्टुडिओत न्यायचा विषयच नाही, तिचे गुडघे दुखतात आणि वाड्याचा जिना एकदम उभा आहे. आणि खरं सांगू का, मलाच तिचा मागे निळा पडदा असलेला फोटो नकोय, ती रोज दुपारी खिडकीशी बसून वाती वळते ना, तशीच हवीय.

वाडा जुन्या नाशकात, तिळभांडेश्वर लेनच्या बाजूला. खोली पहिल्या मजल्यावर, लहानच आहे. एकच खिडकी, ती बोळाकडे उघडते, चांगली उंच आहे, लाकडी चौकट, लोखंडी गज आणि वर दोन खाली दोन अशा चार झडपा. बोळ अगदी अरुंद आणि समोरच्या बिल्डिंगला पोपटी रंग दिलाय. खिडकीच्या डाव्या हाताला माजघराचं दार आहे. खोलीत एक ट्यूब आणि देव्हाऱ्यापाशी पिवळा बल्ब.

काल सहज थोडे फोटो काढून बघितले तर अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा एकदम काळा येतोय, ट्यूब लावली की काळेपणा जातो पण चेहरा सपाट आणि कसातरीच दिसतो, शिवाय गालावर हिरवट झाक येतेय ती वेगळीच. फ्लॅश मला अजिबात वापरायचा नाहीये. सध्या पाऊस आहे, दिवसभर आभाळ भरलेलं असतं, तर एवढा उजेड पुरेल का की ऊन पडायची वाट बघू? आणि सावलीच्या बाजूला उजेड परत टाकायला रिफ्लेक्टर विकत घ्यावा लागेल का? ज्यांनी घरात असे फोटो काढलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, फोटो एकदाच काढायचाय आणि आजी फार वेळ बसू शकत नाही.

उजेडवेडा:

ताई, सगळ्यात आधी ट्यूब आणि देव्हाऱ्याचा बल्ब दोन्ही बंद करा. खिडकीतून येणारा उजेड साधारण साडेपाच-सहा हजार केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), ढगाळ दिवशी अजून निळसर, आणि तो पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, म्हणजे एका गालावर एक रंग आणि दुसऱ्या गालावर दुसरा, मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग, कितीही फिरवा एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. खोलीत एकच उजेड ठेवा, अर्धं काम तिथेच झालं.

ऊन पडायची वाट अजिबात बघू नका हो. ढगाळ आभाळ तुमच्या बाजूने आहे, सगळीकडून सारखा मऊ उजेड येतो आणि गजांच्या सावल्या चेहऱ्यावर पडत नाहीत. ऊन थेट आत आलं तर गजांचे काळे पट्टे नाकावर आणि कपाळावर उमटतील. तुमचा बोळ अरुंद आहे म्हणजे खिडकीला आकाश फक्त डोक्यावरचं दिसत असणार, त्यामुळे अकरा ते दोनच्या मध्ये घ्या, ढगाळ दिवशी डोक्यावरचंच आकाश जास्त उजळ असतं. संध्याकाळी चारनंतर अशा बोळात काही उरत नाही.

आता ती हिरवट झाक. ती समोरच्या पोपटी भिंतीची आहे, भिंतीवर आपटून आलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. पण तुमच्याकडे चार झडपांची खिडकी आहे, हे फार भारी आहे, नवीन फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्यांना हे सुख नाही. खालच्या दोन झडपा लावून घ्या आणि वरच्या दोन पूर्ण उघडा. खालून जो येतो तो मुख्यतः समोरच्या भिंतीचा, वरून येतो तो आकाशाचा. हिरवटपणा बराच कमी होईल आणि दुसरा फायदा म्हणजे उजेड जरा वरून तिरका येईल, त्याने डोळे, नाक, हनुवटी यांना आकार येतो. जुने युरोपियन चित्रकार पण पोर्ट्रेट करताना खिडकीचा खालचा भाग झाकायचे ते याचसाठी. फक्त डोळ्यांच्या खोबणीत काळोख होत नाहीये ना ते बघा, झालाच तर आजीला थोडं मागे सरकवा म्हणजे उजेडाचा उतार कमी होईल.

अर्धा चेहरा काळा येतोय कारण खिडकी तिच्या बरोबर कानाच्या बाजूला येतेय आणि तुम्ही समोर उभ्या आहात. तिला खिडकीकडे तिरकं बसवा आणि मान अजून थोडी उजेडाकडे वळवायला सांगा, अगदी थोडी. वळवताना लांबच्या गालाकडे लक्ष ठेवा. एक क्षण असा येतो की त्या काळ्या गालावर डोळ्याच्या खाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांत तो सारखा दिसतो म्हणून फोटोग्राफीत त्या उजेडाला त्याचंच नाव पडलंय. तो त्रिकोण दिसला की थांबा. अजून वळवलंत तर दोन्ही गाल उजळतील, तेही वाईट नाही, पण चेहऱ्याची घडण कमी दिसते.

अंतराचं पण सांगतो कारण ह्यात लोक गडबडतात. खिडकीच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर बसवलं तर खिडकी चेहऱ्याच्या मानाने खूप मोठी होते आणि सावलीची कड मऊ होते, पण जवळचा गाल आणि लांबचा गाल यांच्या उजेडात फरक जास्त पडतो. तिला दोन-तीन हात आत घेतलं की हा फरक कमी होतो पण सावलीची कड जरा कडक होते, आणि एकूण उजेडही कमी होतो. तुमच्या खोलीत मी सुरुवात साधारण दोन हातांवर करेन आणि मग वीतभर पुढे मागे करून बघेन. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून ठरवू नका, डोळे बारीक करून चेहऱ्याकडे बघा, म्हणजे उजेड-सावलीचा फरक लगेच कळतो. आणि हे सगळं आजीला बसवून करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्या जागी बसवून जागा, झडपा, सेटिंग सगळं नक्की करा आणि मगच आजीला बोलवा. एक्याऐंशीच्या माणसाची ताकद आपल्या टेस्ट शॉटमध्ये खर्च करायची नाही.

मागच्या बाजूला माजघराचं दार येईल असं बसवता आलं तर उत्तम. दार उघडं ठेवा आणि आतला दिवा बंद. आतला काळोख मागे आला की तिचे पांढरे केस आपोआप उठून दिसतील.

सेटिंग म्हणाल तर एफ २.८ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० पासून सुरू करा, ढग जास्त असतील तर ८०० किंवा १६०० पर्यंत बिनधास्त जा. थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, चालतो, हललेला फोटो चालत नाही, आणि ह्या वयात मान थोडी हलतेच. १.८ वर काढायचा मोह होईल पण दीड मीटरवरून त्या लेन्सला १.८ वर साधारण सहा सेंटिमीटरच शार्प मिळतं, जवळचा डोळा फोकसमध्ये आणि नथ, कान गेले असं होईल. २.८ ला दहाएक सेंटिमीटर मिळतं. फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. एव्ही मोडवर, म्हणजे शटर कॅमेऱ्यालाच ठरवू देत असाल तर मागे काळोख असला की कॅमेरा चेहरा जास्त उजळ करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) उणे पाऊण ते उणे एक ठेवा आणि उजळ गाल आणि पांढरे केस तपशील जाऊन नुसते पांढरे होत नाहीत ना ते बघा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये काढा म्हणजे उरलेली हिरवी झाक नंतर काढता येईल.

सातपूरकर:

वरचं सगळं पटलं, फक्त रिफ्लेक्टरचं राहिलं ते सांगतो. विकत काही घेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलची मोठी शीट मिळते, ती खिडकीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे आजीच्या काळ्या पडणाऱ्या गालाच्या बाजूला उभी धरायची. जवळ आणली की सावली उजळते, लांब नेली की कमी होते, कोणालातरी धरायला सांगा आणि तुम्ही कॅमेऱ्यातून बघत बघत "अजून मागे, अजून मागे" करा. फक्त मांडीवर आडवी ठेवू नका, खालून उजेड आला की चेहरा विचित्र दिसतो आणि गळ्याच्या सुरकुत्या नको तेवढ्या उठतात. चांदीच्या रंगाचा तो चकाकणारा रिफ्लेक्टर मिळतो तो तर घरात नकोच, फार कडक पडतो. आणि धरणाऱ्याने पांढरा किंवा फिका शर्ट घालावा, लाल टीशर्ट घालून शेजारी उभा राहिला तर गालावर लाल येणार, पोपटी भिंतीचा तोच नियम.

काळी_घोंगडी:

मी जरा वेगळं मत मांडतो. थर्माकोलची सवय झाली की प्रत्येक फोटोतली सावली पुसली जाते आणि सगळे फोटो लग्नाच्या अल्बमसारखे दिसायला लागतात. वाड्यातल्या खोलीचा उजेड मुळात असाच असतो, एका बाजूने येतो आणि आत काळोखात जिरत जातो. ज्यांनी त्या खोलीत आयुष्य काढलंय त्यांचा चेहरा त्या उजेडात बघायची घरच्यांना सवय आहे. सावली पूर्ण काळी पडू नये एवढं बघा, डोळा दिसला पाहिजे, पण ती घालवायच्या मागे लागू नका.

उलट मी बऱ्याचदा सावलीच्या बाजूला काळी घोंगडी टांगतो. खोली लहान आणि भिंती पांढऱ्या असतील तर उजेड भिंतीवरून परत चेहऱ्यावर येतो आणि चेहरा न सांगता सपाट होतो, घोंगडी तो उजेड पिऊन टाकते. ताईंच्या खोलीत अर्धा चेहरा काळा येतोय म्हणजे तिथे त्याची गरज नसावी, तरी खुर्ची फिरवल्यावर चेहरा फारच सपाट वाटला तर आठवणीत ठेवा. थर्माकोल लावून एक फोटो आणि न लावता एक असे दोन्ही काढा आणि आजीच्या मुलांना दाखवा, त्यांना कुठला आपल्या आईसारखा वाटतो ते विचारा. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा सावलीवाला निवडला जातो.

गोदाकाठ:

बापरे किती सविस्तर, खूप खूप आभार सगळ्यांचे. झडपांचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आत्ता जाऊन खालच्या दोन लावून बघितल्या आणि भाऊ बसला होता त्याच्या चेहऱ्यावरचा हिरवा रंग खरंच बराच गेला!

अजून दोन शंका आहेत. आजीचा चष्मा जाड काचेचा आहे आणि त्यात आख्खी खिडकी दिसते गजांसकट, डोळेच दिसत नाहीत. चष्मा काढून घेऊ का? आणि सुरकुत्या बाजूच्या उजेडात खूप ठळक दिसतात, आत्या म्हणते नंतर मोबाईलमध्ये स्मूद करून टाक, मला ते नकोसं वाटतंय पण आजीला स्वतःला वाईट वाटू नये असंही वाटतं. कॅमेऱ्यापेक्षा भावाच्या नवीन फोनवर काढू का असाही एक सल्ला घरातून आलाय.

मोगरा:

चष्मा काढू नकोस गं. ज्या बाईला आपण कायम चष्म्यात बघितलंय तिचा चष्म्याशिवायचा फोटो घरच्यांना परका वाटतो, आणि नाकावर चष्म्याचे खळगे दिसतात ते वेगळेच. माझ्या आईचे फोटो मी खिडकीतच काढते, तिचाही जाड चष्मा आहे. कानामागे चष्म्याच्या काड्या अगदी थोड्या वर उचलून ठेवायच्या, म्हणजे काचा जमिनीकडे किंचित झुकतात आणि वरून येणारी खिडकी काचेतून खाली निघून जाते. तू वरच्या झडपांतूनच उजेड घेणार आहेस ना, मग हे अजून सोपं होईल. त्याने नाही झालं तर हनुवटी जरा खाली घ्यायला सांग. आणि तरीही दिसत असेल तर तू स्वतः कॅमेरा घेऊन एक पाऊल डावीकडे उजवीकडे सरकून बघ, आरशाचाच नियम आहे, ज्या कोनातून उजेड आत येतो त्याच कोनातून बाहेर जातो, त्या कोनातून तू बाजूला झालीस की संपलं. मात्र डोळ्यात खिडकीचा छोटासा पांढरा ठिपका राहू दे, तो गेला तर डोळे विझल्यासारखे वाटतात.

फोनचं म्हणशील तर फोनवर छान येतात पण मोठी प्रिंट हवी असेल तर तुझा कॅमेराच घे. फोनवर काढलाच तर पोर्ट्रेट मोड बंद ठेव, तो पांढऱ्या केसांच्या मोकळ्या बटा आणि चष्म्याची काडी धूसर करून खाऊन टाकतो. साध्या मोडमध्ये दोनपट झूमवर घे, एकपटवर जवळ गेलीस तर नाक मोठं येतं. स्क्रीनवर उजळ गालावर बोट दाबून धर म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग बोट खाली ओढून उजेड जरा कमी कर, नाहीतर फोन आपणहून सगळ्या सावल्या उचलून टाकतो आणि खिडकीत बसवायचा उपयोगच राहत नाही.

आणि त्यांच्या हातात वाती असू देत. फोटोसाठी हात मांडीवर ठेवून बसवलं की खांदे वर चढतात, चेहरा पण ताठ होतो. कापूस हातात आला की हात त्यांचं काम करायला लागतात आणि मग चेहरा सैल पडतो.

जुना_निगेटिव्ह:

नाशिकरोडला आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, मी तिथेच हाताखाली शिकलो, म्हणून दोन गोष्टी लिहितो. विजेचे मोठे दिवे यायच्या आधी फोटो स्टुडिओ दिवसाच्या उजेडावरच चालायचे, छताला किंवा भिंतीला मोठ्या काचा आणि शक्यतो उत्तरेकडे तोंड, कारण उत्तरेकडून ऊन थेट येत नाही आणि दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. पण आपल्याकडे हा नियम वर्षभर लागू नाही हे लक्षात ठेवा. नाशिक साधारण २० अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येऊ शकतं. पुस्तकातला उत्तरेच्या खिडकीचा सल्ला लंडन-पॅरिसच्या हिशोबाने लिहिलेला असतो, आपण आपली खिडकी स्वतः दिवसभर बघायची. ऊन आलंच तर पांढऱ्या सुती धोतराचं एकेरी कापड खिडकीला बाहेरून बांधायचं, रंगीत पडदा नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते आणि नंतर त्यांनी चित्रपट काढले तेही मुख्यतः सूर्याच्याच उजेडावर, तेव्हा ह्या भागात उजेडावर काम करायची परंपरा जुनी आहे.

सुरकुत्यांचं. वडील निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करायचे, तासन् तास. गिऱ्हाइकाने सांगितलं तरी म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्याभोवतीच्या रेषा ते पूर्ण कधीच काढायचे नाहीत, थोड्या हलक्या करून सोडायचे. मी पण तेच सांगेन. सुरकुती ठळक दिसते ती उजेड बाजूने घासून जातो म्हणून, प्रत्येक रेषेची सावली पडते. तेव्हा नंतर मोबाईलमध्ये घासण्यापेक्षा उजेडच थोडा समोरून घ्या. तुम्ही खिडकीच्या भिंतीला पाठ टेकवून उभ्या राहा आणि आजींना तुमच्याकडे तोंड करून बसवा, रेषा आपोआप हलक्या होतील आणि चेहरा त्यांचाच राहील. स्मूदचं बटण कातडीचा पोतच काढून टाकतं, गालाचं प्लास्टिक होतं, आणि मोठ्या प्रिंटमध्ये ते लांबूनही कळतं. आजींना वाईट वाटेल का, हे त्यांनाच दाखवून विचारा की. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर नको, फोनवर मोठा करून दाखवा. दोन-तीन दाखवा आणि त्यांनी निवडलेलाच लावा, आत्याबाईंनी काही म्हटलं तरी. फोटो त्यांचा आहे.

फोटो काढताना एकाने त्यांच्याशी बोलत राहावं, तुम्ही नको, तुमचं लक्ष फोकसवर असू दे. त्यांच्या लग्नाच्या वेळचं विचारा, वाड्यात तेव्हा किती बिऱ्हाडं होती ते विचारा. बोलत असताना काढू नका, तोंड वेडंवाकडं येतं. बोलणं संपून आठवणीत थांबतात ना, तेव्हा दाबा.

आता प्रिंट, कारण तिथेच बऱ्याच जणांचा चांगला फोटो बिघडतो. तुमचा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. १२ बाय १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० मागते, म्हणजे आरामात होते आणि प्रमाण तेच असल्यामुळे काही कापलं जात नाही. १२ बाय १५ सांगितलंत तर वरून किंवा खालून कापणार, एकतर आजींचा अंबाडा जाईल नाहीतर वाती, म्हणून साइज आधी ठरवा आणि मग फ्रेम करा. पेपर मॅट घ्या, ग्लॉसीवर हॉलचे दिवे चमकतात आणि सावलीचा भाग दिसतच नाही. स्क्रीन नेहमी प्रिंटपेक्षा उजळ असते, त्यामुळे मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून बघा आणि माजघराच्या काळोखात निदान दाराची चौकट दिसतेय ना ते तपासा. आधी ४ बाय ६ ची एक छोटी प्रिंट काढून ती दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा, हिरवी झाक उरली असेल तर तिथे लगेच कळेल, मग मोठी द्या. लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर मशीन सावली उचलून चेहरा पांढराफटक करून देतं. आणि फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होते, पेनड्राइव्हवर घेऊन जा.